गळून गेलेला 'मला' : वाचकाचा अभिप्राय आणि पुस्तकाचं परीक्षण

एकाच कादंबरीबद्दलची ही तीन वाक्यं बघा.

'शेवटची शंभर पानं वाचताना मला कंटाळा आला.'

'शेवटच्या शंभर पानांत नवं काहीच घडत नाही; वाचकाला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी दुसऱ्या पात्राच्या तोंडून पुन्हा सांगितल्या जातात.'

'शेवटची शंभर पानं कंटाळवाणी आहेत.'

पहिलं वाक्य अभिप्राय आहे. दुसरं परीक्षणातलं आहे. तिसरं धड हे नाही, धड तेही नाही, आणि सगळ्यांत जास्त लिहिलं जातं ते हेच. पहिल्या वाक्याशी कुणी वाद घालू शकत नाही. कंटाळा आला म्हणजे आला. दुसऱ्याशी वाद घालता येतो, कारण पुस्तक उघडून ती पानं तपासता येतात आणि 'अहो, त्या जुन्या पत्राचा उलगडा तिथेच होतो की, तो नवा नाही का?' असं विचारता येतं. तिसऱ्या वाक्याने मात्र कंटाळा वाचकाकडून काढून पुस्तकाच्या अंगावर टाकला आहे आणि पुरावा काहीच दिलेला नाही.

या घोटाळ्याला मराठी थोडी मदतच करते. 'मला कादंबरी आवडली' या वाक्यात क्रियापद वाचकाच्या मागे जात नाही, वाचलेल्या गोष्टीच्या मागे जातं: नाटक आवडलं, संग्रह आवडला, कथा आवडल्या. 'मला' बिचारा प्रत्यय लावून बाजूला बसलेला. तो गाळला तरी वाक्याचं काही अडत नाही. 'कादंबरी आवडली' इथपर्यंतही ठीक, पण पुढची पायरी 'कादंबरी चांगली आहे' ही, आणि तिथवर पोचेतो वाचक पुरता दिसेनासा झालेला असतो. म्हणून लिहून झालेल्या मजकुरात प्रत्येक वाक्याआधी 'मला' किंवा 'मला वाटलं' घालून बघावं. वाक्य होतं त्याहून खरं वाटू लागलं तर तो अभिप्राय होता. 'मला वाटलं, ही गोष्ट तीन निवेदक सांगतात' असं काहीतरी विचित्र तयार झालं, तर ते पुस्तकाविषयीचं विधान आहे आणि त्याला पानाचा आधार लागेल.

फरक लांबीचा नाही. चाळीस शब्दांत परीक्षण होऊ शकतं, आणि उपमांनी सजवलेला तीन हजार शब्दांचा लेख शेवटी 'फार भावलं' एवढंच सांगत असू शकतो. जड शब्दांचाही नाही; 'आशयसूत्र', 'अवकाश', 'संरचना' पेरल्याने मताचं परीक्षण होत नाही. लिहिणारा समीक्षक आहे की हौशी वाचक, यावरही ते ठरत नाही. आणि 'मी' टाळल्याने तर मुळीच नाही. लंडनच्या 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'मध्ये १९७४ पर्यंत परीक्षणांखाली लिहिणाऱ्याचं नाव छापत नसत. नाव नाही, 'मी' नाही. पण त्या आडून वैयक्तिक हिशेब चुकते करता येतात, ही त्या पद्धतीविरुद्धची एक तक्रार होतीच.

अभिप्राय म्हणजे परीक्षणाचा धाकटा, अर्धशिक्षित भाऊ अशी एक समजूत आहे. ती सोडून द्यावी. अभिप्रायाची स्वतःची काटेकोर बाजू असते, फक्त ती वेगळ्या जागी असते. त्याचा विषय पुस्तक हा नसून एका माणसाने एका वेळी केलेलं वाचन हा आहे, तेव्हा तपशीलही त्या वाचनाचे हवेत. पुस्तक कशासाठी हातात घेतलं, काय अपेक्षा होती, दोन दिवसांत सलग वाचलं की रोज झोपताना दहा पानं करत महिना लावला, छापील वाचलं की ऐकलं, या लेखकाचं आधी काही वाचलं होतं का, कुठे मागची पानं पुन्हा उलटावी लागली. यांतल्या तीन-चार गोष्टी दोन वाक्यांत मावतात. 'रोज दहाच पानं होत, त्यामुळे कोण कुणाचा चुलता हे सारखं विसरायला व्हायचं' असं लिहिलं की सलग वाचणाऱ्याला कळतं, ही अडचण आपल्याला येणार नाही. 'पात्रांची गर्दी फार आहे' यातून त्याला काहीच कळत नाही.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकावर अभिप्राय लिहिता येतो, परीक्षण लिहिता येत नाही. अट एकच, पान सांगायचं. '३२० पैकी १४० व्या पानावर सोडलं, कारण तोवर मुख्य पात्राला काय हवंय हेच कळेना' हे वाक्य पूर्ण वाचलेल्या कित्येकांच्या 'अप्रतिम'पेक्षा उपयोगी आहे. पान न सांगता 'कंटाळून सोडलं' एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला हेही कळत नाही की दहा पानांत कंटाळलात की दोनशे.

अपेक्षेचा प्रश्न दोन्हीकडे अगदी उलट सुटतो. अमेरिकी लेखक जॉन अपडाइक यांनी १९७५ साली परीक्षकांसाठी काही नियम छापले. त्यांतला पहिला असा की लेखकाला काय करायचं होतं ते समजून घ्या, आणि त्याने जे करायचं ठरवलंच नव्हतं ते जमलं नाही म्हणून त्याला दोष देऊ नका. परीक्षणासाठी हा नियम सोन्यासारखा आहे. पण तो अभिप्राय लिहिणाऱ्याला लागू करू नये. मुखपृष्ठावरून रहस्यकथा वाटली, आत भावाभावांचं भांडण निघालं आणि हिरमोड झाला, हे वाचकाने खुशाल लिहावं. तीच फसगत इतरांची होऊ नये म्हणून तर अभिप्राय वाचले जातात. परीक्षकाने मात्र भावाभावांचं भांडण कसं रंगवलंय तेच बघायचं, मुखपृष्ठावर रिव्हॉल्व्हर असलं तरी.

आता मताचं परीक्षण कसं होतं ते. वाट 'का?' या प्रश्नातून जाते, पण उत्तर स्वतःच्या डोक्यात शोधायचं नसतं, पुस्तकात शोधायचं असतं. समजा मत असं आहे: 'नायिका शेवटी घर सोडते ते पटलं नाही.' मग त्या प्रसंगाच्या आधीची सगळी प्रकरणं पुन्हा चाळायची आणि तिच्या अस्वस्थतेच्या खुणा दिसतील ती पानं टिपायची. यातून तीन गोष्टी निघू शकतात, आणि त्या तीन वेगळ्या दिशांना नेतात.

पहिली अशी, की खुणा सापडतच नाहीत. आदल्या प्रकरणापर्यंत ती पुढच्या वर्षीच्या कामांची यादी करतेय, तिच्या मनातलं लेखक पानोपानी सांगत आलाय आणि त्यात जाण्याचा विचार एकदाही नाही. हा परीक्षणाचा मुद्दा झाला. तो लिहिताना 'पटलं नाही' हे शब्दही लागत नाहीत. 'आदल्या प्रकरणापर्यंत जिच्या मनातलं सगळं कळत होतं, तिच्या या निर्णयाची चाहूल मात्र कुठेच नाही' एवढं पुरतं.

दुसरी अशी, की खुणा आहेत आणि निसटल्या होत्या. तिसऱ्या प्रकरणात ती आपली ट्रंक रिकामी करत नाही, सातव्यात दोनदा पैसे मोजते, नवव्यात शेजारणीला गाडीची वेळ विचारते. हे सगळं रात्री अकरानंतर वाचलं गेलं होतं. इथे 'निर्णय अचानक आहे' असं छापलं असतं तर परीक्षण सरळ चुकलं असतं. मात्र 'मला तो अचानक वाटला' हा अभिप्राय तेव्हाही खरा होता आणि आताही खरा आहे. असं वाटतं त्याहून जास्त वेळा होतं, म्हणूनच परत पानं उलटल्याशिवाय दोषाचं वाक्य लिहू नये.

तिसरी शक्यता सगळ्यांत चकवणारी. लेखकाने तयारी नीट केली आहे, खुणा दिसल्याही होत्या, पण वाचकाच्या मते तिने जायला नको होतं. हा वाद नायिकेशी आहे, लेखकाशी नाही, आणि पुस्तकाच्या घडणीशी तर नाहीच. तो अभिप्रायातच ठेवावा, आणि मोकळेपणाने ठेवावा. पात्राशी भांडावंसं वाटणं हे पुष्कळदा पुस्तक जमल्याचं लक्षण असतं. त्याला दोष म्हणून लिहिणं म्हणजे मिठाला खारट म्हणून परत करणं.

मुळात वाक्याचा साधा अर्थच चुकणं ही आपण समजतो तेवढी दुर्मीळ गोष्ट नाही. केंब्रिजमध्ये शिकवणाऱ्या आय. ए. रिचर्ड्स यांनी कवींची नावं काढून टाकलेल्या कविता विद्यार्थ्यांना दिल्या, त्यांची लेखी मतं गोळा केली आणि १९२९ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठ्या नावाच्या आधाराशिवाय चांगले शिकलेले वाचकही कवितेचा सरळ अर्थ चुकत होते, स्वतःच्या आठवणी तिच्यात घुसवत होते, ठरावीक विषय दिसला की ठरावीक हळहळ व्यक्त करत होते. आई, पाऊस, गाव, युद्ध हे शब्द आले की काय वाटायचं हे आपलंही आधीच ठरलेलं असतं. अभिप्रायात ही आठवण चालते, फक्त ती आपली आहे हे सांगावं. परीक्षणात ती आली की समजावं, पुस्तक मिटलेलं आहे.

स्तुतीलाही हीच तपासणी लागते, आणि तिथे ती हमखास टाळली जाते. 'संवाद जिवंत आहेत' असं लिहायचं असेल तर एक प्रयोग करता येतो. दोन पात्रांची पाच-पाच वाक्यं घ्या, बोलणाऱ्याचं नाव झाका आणि ओळखून बघा. ओळखता आलं तर कशावरून, ते लिहा: एक जण वाक्य कधी पुरं करत नाही, दुसरी प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देते. एवढं लिहिल्यावर 'जिवंत' हा शब्द लागतही नाही. ओळखता आलं नाही तर 'संवाद वाचायला मजा आली' असं लिहून अभिप्रायावर थांबावं. मजा आली होती हे खोटं नाही.

कधी लिहायचं, यातही दोघांचं जमत नाही. अभिप्राय पुस्तक मिटल्या दिवशी लिहावा, फार तर दुसऱ्या दिवशी. उशीर झाला की आठवण स्वतःच कथा दुरुस्त करू लागते. केंब्रिजचेच मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली आणि थोड्या वेळाने, मग बऱ्याच काळाने, ती आठवून लिहायला लावली. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कथा दर खेपेला आखूड झालेली दिसते. अनोळखी तपशील गळतात किंवा ओळखीचे होतात, आणि तुटक वाटणाऱ्या घटनांना वाचक आपल्या पदरची कारणं जोडतात. तीन आठवड्यांपूर्वी वाचलेल्या कादंबरीचं 'कथानक' सांगणारा माणूस बऱ्याचदा हेच करत असतो.

पण त्याच दिवशी लिहिण्यातही एक खाच आहे: शेवट. १९९३ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना एकदा १४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात साठ सेकंद हात बुडवायला लावला. दुसऱ्या खेपेला तेवढेच साठ सेकंद, आणि वर आणखी तीस, ज्यांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत गरम केलं. पुन्हा कोणती खेप सोसाल असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरी निवडली. त्रास जास्त वेळ होता, पण शेवट सौम्य होता. पाण्याचा नियम पुस्तकाला जसाच्या तसा लावता येत नाही. तरी चांगल्या शेवटाने आधीची दीडशे सुस्त पानं माफ होतात आणि फसलेल्या शेवटाने तीनशे चांगली पानं वाया गेल्यासारखी वाटतात, हे वाचणाऱ्याला सांगायला नको. उपाय सोपा आहे. पाव पुस्तक झाल्यावर एक ओळ, अर्ध्यावर एक, संपल्यावर एक, अशा तीन ओळी त्या त्या वेळी लिहून ठेवायच्या आणि अभिप्रायात तिन्ही वापरायच्या. वाचताना पेन्सिलने किंवा चिठ्ठी लावून पाच-सहा जागा खुणावल्या की पुरे. तीस खुणा केल्या तर नंतर कुणी बघत नाही.

परीक्षणाला उलट थोडं थांबावं लागतं. आठवडाभर बाजूला ठेवून पुन्हा पहिलं प्रकरण, शेवटचं प्रकरण आणि खुणावलेल्या जागा वाचाव्यात. पहिलं प्रकरण शेवट माहीत असताना वाचलं की लेखकाने काय कुठे पेरलंय ते लख्ख दिसतं, आणि काय पेरायचं विसरलाय तेही.

बिघडतं कुठे, तर सगळ्यांत आधी कथासारांशात. सहाशे शब्दांपैकी साडेचारशे गोष्ट सांगण्यात जातात आणि उरलेल्यांत 'एकंदरीत वाचनीय' येतं. हे ना अभिप्राय, ना परीक्षण; फार तर पुस्तकपरिचय, आणि तो तर मलपृष्ठावर आधीच छापलेला असतो. सहाशे शब्दांच्या परीक्षणात गोष्टीला सव्वाशे-दीडशे शब्द पुष्कळ झाले, तेही साधारण पहिल्या चतुर्थांशातल्या घटनांपुरते. अभिप्रायात दोन ओळी. शेवटाबद्दल बोलल्याशिवाय मुद्दा मांडता येत नसेल तर तसं आधी सांगून टाकावं.

मग भरतीचे शब्द. ओघवती भाषा, खिळवून ठेवणारं कथानक, अंतर्मुख करणारा शेवट, प्रत्येकाच्या संग्रही असावं असं पुस्तक. यांतला कुठलाही शब्द एका पुस्तकावरून उचलून दुसऱ्यावर ठेवला तरी बसतो. वाक्य दुसऱ्या पुस्तकाला चालत असेल तर ते खोडावं, ही कसोटी दोन्ही प्रकारांना लागू आहे. 'ओघवती'च्या जागी अभिप्रायात 'एका बैठकीत साठ पानं झाली' येऊ शकतं. परीक्षणात 'वाक्यं आठ-दहा शब्दांची आहेत आणि परिच्छेद अर्ध्या पानापलीकडे जात नाही' असं.

लेखक, निवेदक आणि पात्र यांची सरमिसळ ही आणखी एक जागा. कथेतला मामा बायकांना तुच्छ लेखतो म्हणून 'लेखक बायकांना तुच्छ लेखतो' असं लिहिणं चूक. 'मामाचा संताप आला' हा उत्तम अभिप्राय. लेखकावर आरोप करायचाच असेल तर मामाला पुस्तकात कुणी उत्तर देतं का, घटना त्याच्या बाजूने वळतात की विरुद्ध, निवेदकाचा सूर त्याच्यासारखाच आहे का, एवढं पानांसकट दाखवावं लागेल. अनुवादाचंही तसंच. मूळ भाषा येत नसेल तर 'लेखकाची शैली काव्यमय आहे' असं म्हणता येत नाही. जे वाचलं ते अनुवादकाचं मराठी आहे. अनुवादकाचं नाव दोन्हीकडे लिहावं, आणि अडखळलेलं एक वाक्य जसंच्या तसं द्यावं. उद्धृताशेजारी पान लिहिताना ई-पुस्तक असेल तर प्रकरण सांगावं, कारण अक्षर मोठं केलं की पानं सरकतात.

प्रतीचे दोष पुस्तकाच्या दोषांपासून वेगळे ठेवावेत. बारीक टाइप, सुटलेली शिवण, उलटा बांधलेला फर्मा हे अभिप्रायात जरूर यावं. परीक्षणात आलं तरी शेवटच्या वेगळ्या ओळीत. आवृत्तीचा उल्लेख मात्र परीक्षणाला टाळता येत नाही. मराठीत पुनर्मुद्रणालाही सर्रास 'आवृत्ती' म्हणतात, त्यामुळे 'पाचवी आवृत्ती' म्हणजे पाचव्यांदा छापलं की लेखकाने मजकूर बदलला, हे कळत नाही. आयएसबीएन क्रमांक इथे कामाला येतो: नुसत्या पुनर्मुद्रणाला तोच क्रमांक राहतो, मजकुरात मोठा बदल झाला तर नवा द्यावा लागतो. हा क्रमांक २००७ पासून तेरा अंकी झाला, त्याआधी दहा अंकी होता, तेव्हा नुसते अंक वाढले म्हणून मजकूर बदलला असं समजू नये.

तारे हा शुद्ध अभिप्राय आहे, परीक्षणाचा निकाल नव्हे. 'गुडरीड्स' या वाचकांच्या संकेतस्थळावर एका ताऱ्याचा अर्थ आवडलं नाही, दोनचा ठीक, तीनचा आवडलं, चारचा खूप आवडलं आणि पाचचा अफलातून असा आहे. पाचही पायऱ्या वाचकाच्या आवडीच्या आहेत. पुस्तक कसं आहे याबद्दल त्या बोलतच नाहीत. तिथे तीन तारे म्हणजे चक्क आवडलेलं पुस्तक, पण परीक्षेतल्या गुणांची सवय असलेल्याला ते साठ टक्के वाटतात. घडण उत्तम आहे पण मन रमलं नाही, असं असेल तर दोन तारे देऊन मजकुरात घडणीचं कौतुक करणं यात विसंगती काही नाही.

दोन्ही एकाच मजकुरात लिहायचं असेल तर आधी परीक्षण, मग अभिप्राय. उलट केलं की वाचणारा पुढचा प्रत्येक मुद्दा त्या आवडीच्या किंवा नावडीच्या चष्म्यातून वाचतो. लेखक ओळखीचा असेल किंवा प्रत भेट मिळालेली असेल तर ते पहिल्या परिच्छेदातच सांगून मोकळं व्हावं.

अभिप्रायाखाली तारीख घालायला विसरू नये, वर्षासकट. पाच वर्षांनी तेच पुस्तक पुन्हा वाचलं आणि मत पालटलं तर जुना अभिप्राय पुसायचा नाही. त्याच्या खाली नवी तारीख घालून नवा लिहायचा. परीक्षणात मात्र नवव्या प्रकरणातली गाडीची वेळ निसटली होती असं ध्यानात आलं, तर ते वाक्य खोडून दुरुस्ती नोंदवावीच लागते.